डोंगर का पाणी

वृंदा इंगवलेने ‘पाणी’ म्हटलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात पाणी आलं. खालचे मजले कोरडेच होते. आधी ते फरशीच्या सांध्यांतून आलं, मग प्रिंटरच्या कागद ठेवायच्या खणातून, आणि बघता बघता घोट्यापर्यंत चढलं. गढूळ होतं. त्यात गवताच्या काड्या होत्या.

दोष तसा तिचाच. शुक्रवारी दुपारी सगळ्यांनी मिळून काहीतरी खेळायचं, ही हुपरीकर साहेबांची टूम. अंताक्षरीचा वीट आला म्हणून या वेळी ‘डोंगर का पाणी’ ठरलं आणि चकताना राज्य वृंदावर आलं. राज्य असणाऱ्याने ‘डोंगर’ म्हटलं तर उंचवटे त्याचे, ‘पाणी’ म्हटलं तर सखल जागा त्याची. त्याच्या हद्दीत जो सापडेल त्याला शिवलं की राज्य त्याच्यावर. साहेबांचे गुडघे दुखतात, ते काही टेबलावर चढत नाहीत, म्हणजे एका झटक्यात राज्य त्यांच्या गळ्यात, असा तिचा बेत होता. पण साहेब सरसर फायलींच्या कपाटावर जाऊन बसले. गुडघ्यांचं दुखणं बहुधा जिन्यापुरतंच होतं.

बाकीचेही चढले. शमा मुजावर, वृंदाच्या डब्यातली भाजी रोज हक्काने खाणारी, खिडकीजवळच्या टेबलावर मांडी घालून बसली.

“शमा, एक पाय टाक की खाली,” वृंदा म्हणाली. “नुसतं शिवते आणि सोडते.”

“आणि मग राज्य माझ्यावर?”

“तू लगेच दुसऱ्या कुणाला तरी शिव.”

“कुणाला? सगळे वर बसलेत.” शमाने पाय आणखी आत ओढून घेतले. “मला पोहायला येत नाही गं.”

वृंदालाही येत नव्हतं. हे शमाला चांगलं माहीत होतं. वृंदाने रागाने हात लांब केला, तसं शमाचं टेबल वीतभर उंच झालं. वृंदा स्वतः खुर्चीवर चढायला गेली, तर खुर्ची मुकाट्याने पाण्याखाली बसली. जिन्याच्या पायऱ्याही तिचं पाऊल पडताच सपाट झाल्या. राज्य असेपर्यंत तिला उंचावर जायची मुभा नव्हती, आणि नियम म्हटल्यावर ते बरोबरच होतं.

“टाइमप्लीज!” ती मूठ चाटून ओरडली.

“चालणार नाही,” साहेब कपाटावरून म्हणाले. “पाणी आल्यावर टाइमप्लीज नसतं.”

पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा तिचा फोन वाजला. आप्पा होते. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचा डावा पाय ओढत चालतो, आणि दिवसभर ते तळमजल्यावरच्या घरात एकटे असतात.

“वृंदे, मोरीतनं पाणी यायलंय.”

“किती आहे?”

“गुडघ्याएवढं. गढूळ आहे. गवत वाहत आलंय त्यात.”

“आप्पा, खाटेवर चढून बसा.”

“बसलोय की. पण खाट बुटकी आहे.” मग थोडा वेळ नुसतं पाणी डुचमळल्याचा आवाज आला. तो इकडचा की तिकडचा, तिला सांगता आलं नसतं. “राज्य कुणावर आहे?”

“माझ्यावर.”

“आणि कुणी उतरंना?”

“नाही.” तिला रडू फुटलं. भर ऑफिसात, सगळ्यांसमोर.

लहानपणी गल्लीत तिच्यावर असंच राज्य यायचं. पोरं ओट्यांवर चढून वाकुल्या दाखवायची आणि ती खाली रडकुंडीला यायची. मग आप्पा, कामावरून नुकते आलेले, पोरांच्यात ओट्यावर चढायचे आणि चुकून पडल्यासारखा एक पाय खाली टाकायचे. ती धावत जाऊन त्यांना शिवायची. तिला वाटायचं, आपणच पकडलं.

“थांब,” आप्पा म्हणाले. “आलो.”

“आप्पा, उतरू नका! आप्पा!”

फोन बंद झाला. पाणी कमरेला आलं.

“आमच्या आप्पांना कच्चा लिंबू धरा!” तिने वर बघून हात जोडले. “त्यांच्यावर राज्य नको. साहेब, पाया पडते तुमच्या.”

“कच्चा लिंबू आधी ठरवायचा असतो,” साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. “खेळ सुरू झाल्यावर कसं चालेल?” टेबलांवरून सगळ्यांनी माना डोलावल्या. शमानेही डोलावली.

पाणी छातीशी आलं तेव्हा झेरॉक्सच्या खोलीचं दार उघडलं आणि आप्पा आत आले. धोतराचा सोगा एका हातात, काठी खांद्यावर. पाय ओढत, पाणी कापत, ते सरळ तिच्याकडे निघाले. वृंदाहून ते चांगले बुटके. तिच्या छातीशी असलेलं पाणी त्यांच्या गळ्याशी होतं.

“आप्पा, माघारी जा. चढा कशावर तरी.”

“आता कुठं चढू? शिव मला.”

तिने शिवलं असतं तर पाणी त्यांचं झालं असतं. ती टेबलावर चढली असती, आणि आप्पा त्या पायाने कुणालाही, कधीही पकडू शकले नसते. हे तिला कळत होतं. आप्पांनाही कळत होतं, म्हणून तर ते हसत होते.

“शिवा की, इंगवले,” साहेब म्हणाले. “सगळ्यांना घरी जायचंय.”

“शिव, शिव!” टेबलांवरून टाळ्या सुरू झाल्या.

वृंदाने दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले आणि ती मागे सरकली. आप्पा एक पाऊल पुढे आले. ती आणखी मागे सरकली. तिच्या पाठीला भिंत लागली. आप्पांनी सोगा सोडून दिला, तो हात तिच्यापुढे केला, आणि पाणी त्यांच्या हनुवटीला टेकलं.