गुरुवारची पाळी

वडील जाऊन महिना झाला, तशी लेक वाचनालयाची किल्ली परत करायला पालिकेच्या कचेरीत आली. तीस वर्षं त्यांनी जिवापाड जपलेलं वाचनालय आता बंद होणार होतं. कारकुनाच्या टेबलापाशी चौदा-पंधरा वर्षांची एक चष्मेवाली अर्ज घेऊन उभी होती.

"बाळ, सोबत मोठं कुणी आलंय का?" कारकुनानं विचारलं.

"काका, नोटिशीत लिहिलंय, कुणाही सभासदाला हरकत घेता येईल. वयाचं काही नाही." तिनं कार्ड पुढे केलं. त्यावरची सही लेकीनं ओळखली, तिच्या वडिलांची होती.

"वकीलच हो तू! पण बाई, रोज झाडणार कोण?"

चष्मेवालीनं दुसरा कागद काढला. कार्ड घेईल त्यानं आठवड्यातून एकदा झाडलोट करायची, हा वडिलांचाच शिरस्ता. त्या पाळ्या तिनं वारांपुढे नावं घालून लिहून आणल्या होत्या. ना आर्जव, ना उद्धटपणा. लेक तिच्याकडे बघतच राहिली.

कारकुनानं डोकं खाजवलं. "हरकत नोंदवतो. सुनावणीपर्यंत चालू ठेवा. पण किल्ली मोठ्या माणसाकडेच हवी. आणि हा गुरुवार कोरा का?"

मुलगी पहिल्यांदाच अडखळली. "तो वाचनालयातल्या आजोबांचा वार. तिथं नाव घालायला कुणाचा हात धजेना."

लेकीनं किल्ली पुन्हा पर्समध्ये टाकली, टेबलावरचं पेन उचललं आणि गुरुवारपुढे आपलं नाव लिहिलं.