आली तर

न्हाव्याने आपलं वाक्य सांगितलं, "इफ यू मूव्ह, आय विल कट युअर इअर," आणि सगळा वर्ग हसला. शिकवणाऱ्या बाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "बरोबर आहे. गिऱ्हाईक हललं तर कान जाणार, ही खरी शक्यता आहे. म्हणून विल."

वाचनालयाच्या वरच्या खोलीत संध्याकाळी हा इंग्रजीचा वर्ग भरे. मागच्या बाकावर लिफ्ट दुरुस्त करणारा एक मिस्त्री आणि त्याची बायको बसत. ती एका लॅबमध्ये रक्त तपासायची. त्यांची एकुलती एक लेक लग्न होऊन परदेशात गेली होती आणि गेलं वर्षभर आजारी होती. जावई भला माणूस, पण त्याला मराठीचा गंध नव्हता. आजवर फोनवर लेकच त्याचं बोलणं यांना आणि यांचं त्याला सांगायची. आता दोन वाक्यांतच तिला धाप लागे, म्हणून दोघांनी या वयात हा वर्ग लावला होता.

"आता तुम्ही, लिफ्टवाले," बाई म्हणाल्या. "घरातलंच काहीतरी सांगा."

तो उभा राहिला. "इफ शी केम," त्याने घसा खाकरला, "वुई विल पेंट द रूम."

"कोण येणार आहे?"

"लेक."

"हे वाक्य अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं झालं. आपण सगळेच इथे घसरतो. मराठीत 'आली तर' म्हणतो ना? त्यातलं 'आली' भूतकाळासारखं दिसतं, म्हणून तोंडात केम येतं. पण इंग्रजीत इथे केम म्हटलं, की ती येईल असं बोलणाऱ्याला फारसं वाटत नाही. येण्यासारखी असेल तर इफ शी कम्स, वुई विल. नसेल तर इफ शी केम, वुई वुड. एक काय ते धरा."

बायकोने त्याला हळूच कोपराने ढोसलं. "कम्स म्हणा की," ती पुटपुटली.

गेल्या रविवारी ती ड्यूटीवर असताना जावयाचा फोन त्यानेच घेतला होता. 'औषध लागू पडतंय, सुट्टीत येईल म्हणतात,' असं त्याने तिला सांगितलं होतं. लेकीच्या खोलीसाठी तिने फिकट पिवळा रंगही पसंत करून ठेवला होता.

तो फळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वुड."

"पूर्ण वाक्य."

"इफ शी केम, वुई वुड पेंट द रूम."

"छान," बाई म्हणाल्या आणि पुढच्या बाकाकडे वळल्या.

लॅबच्या खिडकीतून रिपोर्ट देताना आत काय लिहिलंय हे तिला आधीच ठाऊक असे. खिडकीपलीकडचे चेहरे पाहायची तिला सवय होती. आज पलीकडे ती स्वतः उभी होती.

वर्ग सुटल्यावर जिन्यात तिने त्याला थांबवलं. "अहो, काय म्हणाले जावई?"

"मला तरी कुठे सगळं इंग्रजी कळतं."

"कळलं तेवढं सांगा."

त्याने कठडा धरला. "औषधं थांबवलीत. विमानप्रवास आता झेपायचा नाही म्हणे."

"आणि मला रंग निवडू दिलात."

"तू निवडत होतीस, अगं. माझ्याने तोंड उघडवेना."

वरून न्हावी उतरत आला. तो पुढे जाईपर्यंत दोघं भिंतीला टेकून उभी राहिली. मग तिने हात पुढे केला. "फोन लावून द्या. मी बोलते."

"जमेल तुला?"

"तुम्हाला जमलं त्यापेक्षा बरं जमेल."

जावयाने लगेच उचलला. तिने शब्द मनात जुळवले होते, पण अर्ध्यावर ते सुटले. "इफ वुई कम," ती म्हणाली, "शी..." आणि तिथेच अडली.

तिला पुढचा एकच शब्द हवा होता, विल की वुड.

"इफ यू कम नाऊ," जावई एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "शी विल नो यू."

नवऱ्याने फोनला कान लावला होता. त्याचा चेहरा उतरला. "नो म्हणाला? येऊ नका म्हणतोय?"

"नाही हो," ती म्हणाली. "ओळखेल म्हणतोय. आत्ता गेलो तर."