मोगोरोसीचा भुंगा

"ओलेबिलेचे बाबा, आंबील गार होतेय! रेडिओ काही पळून जात नाही."

मोसिदीने दारातूनच हाक मारली. नवरा टेबलाशी पाठमोरा बसला होता. एका हाताने त्याने माइकचं बटण दाबलं होतं, दुसऱ्या हाताने गळ्याला यंत्र टेकवलं होतं आणि त्यातून एकसुरी घूं-घूं चालली होती. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून मोगोरोसीचं बोलणं म्हणजे हेच. डॉक्टरांनी सांगितलेलं त्या यंत्राचं लांबलचक नाव कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. घरात सगळे त्याला भुंगाच म्हणत.

त्याने बटण सोडलं. मग स्पीकरवर दूरच्या माउन गावाहून खुमो बोलला आणि त्याला हसू आवरत नव्हतं.

"रा मोगोरोसी, आधी आंबील पिऊन घ्या. घरातून हुकूम सुटलाय! तो आम्हाला अगदी स्वच्छ ऐकू आला. तुमचं मात्र एक अक्षरही पोचलं नाही."

मोसिदीने जीभ चावली. सगळ्या देशाला आपलं ओरडणं ऐकू गेलं या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

देशभरातले हौशी रेडिओवाले दर रविवारी सकाळी असे हवेत जमत. हजेरी व्हायची, एकेकाला मानाने रा किंवा मा, म्हणजे बाबा किंवा आई, म्हणून 'कसे उठलात?' विचारायचं, त्याचं नीट उत्तर ऐकायचं आणि मगच पाऊसपाणी, गुरंढोरं, इकडचं तिकडचं. रेल्वेतली गार्डाची नोकरी संपल्यावर कितीतरी वर्षं ही हजेरी महालापये गावातल्या याच टेबलावरून मोगोरोसीनेच घेतली होती. आवाज असा खणखणीत की शेजारची मुलं भिंतीपलीकडे त्याच्या नकला करायची. तो आवाज गेला आणि त्याने रेडिओवर चादर टाकली.

दरम्यान मंडळींनी पद्धतच बदलली होती. घरोघरी सोलरचे डबे बसल्यापासून जुन्या रेडिओत नुसती खरखर माजली होती. आता कॉम्प्युटर बोलण्याचे आकडे करून धाडायचा आणि पलीकडचा कॉम्प्युटर त्या आकड्यांचं पुन्हा बोलणं करायचा. खरखरीचं नाव नाही. या नव्या पद्धतीत आपला भुंगा सगळ्यांना नीट समजेल, ही एकच आशा धरून मोगोरोसीने आज चादर काढली होती. मुलाने, ओलेबिलेने, राजधानी गाबोरोनीहून येऊन सगळं जोडून दिलं होतं. त्याचं नाव तर सगळ्यांच्या पडद्यावर उमटत होतं. तो आलाय हे दिसत होतं, पण ऐकू काही येत नव्हतं.

"रा, पुन्हा एकदा बघा बरं," मा तिरो म्हणाल्या. त्या फ्रान्सिसटाउनला शाळेत गणित शिकवत. हल्ली हजेरी त्याच घेत.

मोगोरोसीने पुन्हा बटण दाबलं. मानेच्या शिरा ताणून तो बोलला. "कसे उठलात सगळे?" मोसिदीला शब्द न् शब्द कळला. पलीकडून मा तिरोंचा सुस्कारा तेवढा आला.

त्याने भुंगा टेबलावर ठेवला. खिडकीतून बाहेर मोरुलाच्या झाडाकडे त्याने पाहिलं. त्या झाडाला त्याच्या रेडिओची तार बांधलेली होती. मग त्याने बायकोला जवळ बोलावलं आणि भुंगा पुन्हा गळ्याला लावला.

"तूच सांग त्यांना. म्हणावं, मी सोडतो. तार उतरवतो उद्या."

मोसिदी खुर्ची ओढून बसली. तिला हे नवं नव्हतं. वर्षभर तीच त्याचं तोंड झाली होती. दुकानात, दवाखान्यात, गावच्या खोत्लात, म्हणजे चावडीवर, तो घूं-घूं करायचा आणि ती "ते म्हणतात" म्हणून सांगायची. शेजाऱ्याला घातलेल्या शिव्यासुद्धा तिने सांगितल्या होत्या, थोड्या पातळ करून. पण आज बटण दाबलं आणि तिची जीभ रेटेना. हे सांगितलं की हा माणूस पुढच्या रविवारी या टेबलाशी बसणार नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहील, हे तिला लख्ख दिसत होतं.

"मी मोसिदी बोलतेय," ती म्हणाली. "ते म्हणतात..." आणि ती अडखळली. "ते इथेच बसलेत. त्यांचं त्यांनाच बोलायचंय. माझं ऐकू येतं, मग त्यांचंच का येत नाही?"

मोगोरोसीने डोळे वटारले. तिने तिकडे पाहिलंच नाही.

"मा, तुमचं बोलणं आलं," मा तिरो हळूहळू म्हणाल्या. "मघाशी त्यांचा खोकलाही आला. गळून जातं ते फक्त यंत्राचं बोलणं. अरे देवा! रा, तुमच्या कॉम्प्युटरवर आवाज साफ करायची खूण चालू आहे का बघा. तो प्रोग्रॅम पंखा, सोलरचा डबा, जे जे एका सुरात घुमतं ते सगळं पुसून टाकतो."

"म्हणजे त्याने माझ्या नवऱ्याला कचरा समजून झाडून टाकलं?" मोसिदी कडाडली.

"तसंच म्हणा, मा. चूक माझी. मला आधी सुचायला हवं होतं. मंडळी, तुम्हीही आपापली साफसफाई बंद करा."

मोगोरोसीने चष्मा पुढे ओढला, पडद्यावरची खूण शोधली आणि काढून टाकली. भुंगा गळ्याला लावून त्याने बटण दाबलं.

"कसे उठलात?"

"आलं!" मा तिरो ओरडल्याच. "तुटकं आलं, पण आलं!"

"मला निम्मं मिळालं," खुमो म्हणाला. "तुमच्या अंगणातली कोंबडी मात्र पूर्ण ऐकू आली."

"मला काहीच कळलं नाही," दूर उत्तरेच्या कासानेहून म्हातारे लेसोले म्हणाले. "नुसतं डबडब."

मोसिदी सवयीने माइककडे वाकली. ती तोंड उघडणार तोच मा तिरोंनी सुरुवात केली. "रा लेसोले, ते विचारतात, कसे उठलात."

"जिवंत उठलो म्हणावं! आणि मंडळी, ऐका, माझी तार कुंपणाला बांधलेली होती तेव्हा माझं कुणालाच ऐकू यायचं नाही. या एकट्या माणसाने माझा शब्द न् शब्द पुढे पोचवला. एकदाही कंटाळला नाही. आज त्याचं बोलणं आपण पोचवू."

मग तसंच सुरू झालं. मोगोरोसी चार-चार शब्द बोलायचा आणि थांबायचा. मा तिरो ते पुढे सांगायच्या. त्यांचं कुठे हुकलं की खुमो भरून काढायचा आणि दोघांचंही हुकलं की मोगोरोसी पुन्हा बोलायचा. शेळी व्यायली, नातीला शाळेत बक्षीस मिळालं, दवाखान्यातली भाजी अळणी असते, असलंच सगळं. कुणालाही घाई नव्हती.

मोसिदी हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला कुणी काही विचारत नव्हतं. आधी तिला थोडं लागलंच. मग एकदम खांदे हलके झाले आणि तिला रडू आलं. कधी न पाहिलेल्या त्या मास्तरीणबाईचे, त्या थट्टेखोर खुमोचे आणि त्या म्हाताऱ्याचे उपकार कसे फेडावे हे तिला कळेना. तिने शालीच्या टोकाने डोळे पुसले आणि ती उठायला लागली.

मोगोरोसीने हात धरून तिला खाली बसवलं. दुसऱ्या हातातल्या भुंग्याने त्याने बटण आत ढकललं, ते तिथेच अडकवून ठेवलं आणि भुंगा गळ्याला लावला. या वेळी तो फार सावकाश बोलला.

"माझ्या बायकोने वर्षभर माझं सगळं बोलून दिलं. तिचे आभार तिच्याच तोंडून तिला कसे सांगू? तुम्ही सांगा."

त्याने बटण मोकळं केलं. मोसिदीला ते भुंग्यातूनच कळलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात असलं काही तो आपल्या खणखणीत आवाजातही कधी बोलला नव्हता. तिने मान खाली घातली.

"मा मोसिदी," मा तिरो म्हणाल्या. "रा मोगोरोसी म्हणतात, ते तुमचे आभारी आहेत."

"मा, ते आभारी आहेत," खुमो म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

शेवटी कासानेहून आवाज आला.

"मुली," लेसोले म्हणाले, "तुझा नवरा तुझे आभार मानतोय. पोचलं का?"

मोसिदीने माइक हातात घेऊन बटण दाबलं.

"पोचलं," ती म्हणाली.