सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस

माझे सासरे रेवणप्पा चौसाळ्याला गणित शिकवून रिटायर झाले. पुढे काचबिंदूनं डोळे जायला लागले, तेव्हा त्यांना एकच घोर लागला: ७३९३९१३३ ही मूळसंख्या आहे की नाही.

म्हणे, हिचा शेवटचा आकडा खोडा, उरलेलीला कशानंच भाग जात नाही. पुन्हा खोडा, तेच. असं पार सातापर्यंत. तेवढं त्यांनी डोळे होते तोवर तपासलं होतं. अख्खी आठ आकडी तेवढी राहिली होती. ८५९७ पर्यंतच्या एकाही मूळसंख्येनं भाग गेला नाही, तर मग कशानंच जात नाही. अशा हजारावर मूळसंख्या त्यांच्या वहीत लिहिलेल्या. भागाकार कुणी करायचे? सुनेनं!

अर्ध्यात मी कंटाळले. चौऱ्याण्णव साल, गावात नुकतं केबल आलेलं. दुपारची मालिका सोडून शेष काढत बसू? एक दिवस ठोकून दिलं, "झालं मामंजी. एकानंबी जात न्हाई."

ते उठून उभे राहिले आणि हात जोडले. कुणाला, देव जाणे. मग आष्टीच्या रामकिसन सरांना, त्यांच्या जुन्या दोस्ताला, माझ्याच हातानं पत्र लिहवून घेतलं: "सगळे भागाकार सुनेनं केले. तुम्ही एकदा तपासा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकानं जरी भाग गेला असता, तर म्हाताऱ्याचा एवढा आनंद माझ्यापायी खोटा ठरला असता.

पत्र पेटीत टाकलंच नाही. सतरा दिवस दुपारी टीव्ही बंद. भागायचं, शेष उरायचा. कधी इतका थोडा उरायचा की तो भागाकार मी पुन्हा करून बघायची. पण उरायचाच. हळूहळू भीती गेली आणि भलतंच वाटायला लागलं. मी खोटं बोलले काय, खरं बोलले काय, त्या संख्येला त्याचं काही नव्हतं. कुणी भागायच्या आधीपासून ती अशीच होती. कपिलधारच्या धबधब्याखाली उभं राहिल्यावर वाटतं, तसं मला स्वयंपाकघरात वाटलं.

शेवटचा भाजक ८५९७. भागाकार ८६००. शेष उरला.

तशीच उठून त्यांच्याकडे गेले. तोवर त्यांना उजेड-अंधार तेवढाच कळत होता. "मामंजी, त्या दिवशी मी खोटं बोलले. पाचशेवर भागाकार केलेच न्हवते. आज झाले."

ते म्हणाले, "शेवटचा शेष?"

"चार हजार नऊशे तेहतीस."

त्यांचे ओठ हलले, तोंडी गुणाकार झाला, बेरीज झाली. "बरोबर हाय. तुझा लई राग आलाय मला. पण आधी सांग, कसं वाटलं?"

सांगायला तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं.

त्यांनी चाचपत माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हां," ते म्हणाले, "मलाबी तसंच."