कोरी लढाई

हेमसिंग फौजेतून कायमचा परत आला तेव्हा मानोऱ्याजवळच्या त्याच्या तांड्यात डफ वाजला, बोकड कापला गेला आणि तांड्याचा मुखिया गोविंदसिंग नायकाने त्याला आपल्या मांडीला मांडी लावून बसवून घेतलं. जेवणं उरकल्यावर नायकाने सगळ्यांच्या मनातलं विचारलं, "किती मारले?"

"एकबी नाही," हेमसिंग म्हणाला. "लढाई सरली होती. आमी राखण करायले गेलतो."

"कायची राखण?"

"माणसाईची. कैद्याईची."

लोक हिरमुसले. जर्मनच्या लढाईतून एक पाय गमावून आलेल्या फुलचंदकडे सांगायला तोफा होत्या, विमानं होती. हेमसिंगकडे काटेरी तार होती. बरं, ही लढाई झाली तरी कुठं, तर कोरियात. हे नाव आजवर कोणाच्या कानावर पडलं नव्हतं. मानोऱ्याच्या बाजारातही कोणाला ठाऊक नव्हतं. फुलचंद हसत म्हणाला, "मंग ही कोरीच लढाई म्हणा ना." आणि तेच नाव पडलं.

हेमसिंगने एकदा नीट सांगून पाहिलं होतं. चीनच्या पलीकडे हा मुलूख. त्याचे दोन तुकडे झालेले. तीन वर्षं दोन्ही तुकडे एकमेकांवर तुटून पडले, मागून मोठमोठे देश त्यांना दारूगोळा आणि माणसं पुरवत राहिले. लाखो मेले, आणि शेवटी हद्द जिथं होती जवळपास तिथंच राहिली. लढाई थांबली तरी कैद्यांचं घोडं अडलं. हजारो कैदी म्हणत होते, आम्हाला आमच्या मुलखात परत जायचं नाही. ते मनापासून म्हणतात की कोणी त्यांच्याकडून म्हणवून घेतं, यावर दोन्ही बाजूंचं जमेना. म्हणून तिऱ्हाईत म्हणून हिंदुस्थानची फौज बोलावली. दोन दारांचा तंबू ठोकला. एकेका कैद्याला आत न्यायचं, त्याच्या मुलखाचे लोक त्याला समजावणार, मग त्याने दार निवडायचं. या दाराने गेला तर घरी, त्या दाराने गेला तर कधीच नाही. कैद्याला दंडाला धरून आत नेण्याचं काम हेमसिंगसारख्यांचं.

"म्हंजे तू दारवान होतास," फुलचंद म्हणाला. त्यानंतर हेमसिंगने सांगणं सोडून दिलं.

पण अंगातलं सुटलं नाही. तो एका जागी बसेना. ताटावरून अर्ध्यात उठायचा आणि तांड्याला वळसा घालून यायचा. वखर चालवता चालवता मधेच थांबायचा, बैल उन्हात तसेच उभे, आणि हा शेताच्या धुऱ्यावर जाऊन भलतीकडे बघत राहायचा. त्याची बायको रुपाबाई हिने आधी कोपरापासून हात जोडले, मग अंगारा लावला, मग बोलणंच सोडलं. बारा वर्षांच्या संसारातली दहा वर्षं तिने त्याच्याविना काढली होती. आता तो दारात असूनही तिला तो आल्यासारखा वाटत नव्हता.

जे तिला ठाऊक नव्हतं ते असं. तिकडच्या हिवाळ्यात, संध्याकाळच्या पहाऱ्यावर हेमसिंग तारेलगत उभा होता. थंडी अशी की नाकातला श्वास मिशीवर गोठायचा. एक कैदी तारेजवळ आला. पंचविशीचा असेल, हिमाने कानाची पाळी काळी पडलेली. त्याने आपल्या छातीवर बोट ठेवलं, मग तारेबाहेर हेमसिंगच्या पायांपाशी दाखवलं, मग उत्तरेकडे. शेवटी दोन्ही हात जोडले. ते त्याने हिंदुस्थानी शिपायांकडूनच पाहिलेलं होतं. मला घरी जायचंय, मला आत्ता बाहेर काढ. हेमसिंगला सगळं समजलं. दुभाषा लागला नाही. पण दुभाष्याशिवाय कैद्याला बाहेर घ्यायचं नाही असा हुकूम होता आणि दुभाषा सकाळी येणार होता. हेमसिंगने हाताने सूर्य उगवून दाखवला. सकाळी. तो माणूस राहुट्यांकडे परत गेला. तिथं दारात त्याच्या कोठ्याचे, म्हणजे तारेने वेगळ्या केलेल्या त्या भागाचे, कोणालाही परत जाऊ न देणारे पुढारी उभे होते. घरी जाण्याची गोष्ट काढणाऱ्याचं ते काय करतात, हे सगळ्या छावणीला माहीत होतं.

सकाळी दुभाषा आला त्याआधी चार कैद्यांनी त्या माणसाला कांबळ्यात गुंडाळून फाटकापाशी आणून ठेवलं होतं. चौकशी झाली. हेमसिंगने काही लपवलं नाही. साहेब म्हणाला, तू हुकमाप्रमाणे केलंस, तुझी चूक नाही. त्या माणसाचं नावसुद्धा हेमसिंगला शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढच्या वर्षी, पंचावन्न सालच्या फाल्गुनात, तांड्यात सोमलाची पोर रामी सासरहून निघून आली. ही तिसरी खेप. दोन्ही खेपांना सोमला तिला स्वतः पोचवून आला होता. रामी अठराची. सासर मालेगावच्या बाजूच्या एका तांड्यात. का आलीस म्हणून आईने विचारलं तर तिने पाठीवरचे वळ दाखवले. तिसऱ्या दिवशी तिचा सासरा धरमसिंग तिला न्यायला आला. तो वाईट बोलणारा माणूस नव्हता. पोराला समज देईन म्हणाला. मागच्या दोन्ही वेळीही तो हेच म्हणाला होता.

नायकाकडे बैठक बसली. रामीला बोलावण्याचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. सोमला खाली मान घालून म्हणाला, "घिऊन जा. मी आता थकलो." धरमसिंगला वाटेची काळजी होती. मोटार मिळेपर्यंत तीन कोस पायी जायचं, पोर मधेच पळाली तर?

गोविंदसिंग नायकाने हेमसिंगकडे पाहिलं. "तू जा संग. तुले सवय हाये, तुनं तं हजारो ने-आण केले."

लोक हसले. हेमसिंग हो म्हणाला. हुकूम आला की हो म्हणायची त्याच्या जिभेला सवय होती.

सकाळी तो सोमलाच्या दारात गेला तेव्हा रामी मांडवाच्या मेढीला दोन्ही हातांनी धरून बसली होती. आई तिची बोटं एकेक करून सोडवत होती आणि रडत होती. सोमला म्हणाला, "दंडाले धर, येते मंग." हेमसिंगने दंडाला धरलं. बलय्या-बांगड्यांच्या वर, चोळीच्या आरशांखाली तो दंड सुतळीसारखा बारीक होता. कोठ्यातून तंबूत नेताना कैद्यांचे दंड असेच हाताला लागायचे. रामी उठली. बोटं सुटल्यावर तिने जोरच केला नाही.

वाटेने पळस फुलले होते. धरमसिंग पुढे, मधे रामी, मागे हेमसिंग. हेमसिंगच्या पायांना दम निघत नव्हता. तो कधी तिच्या डाव्या अंगाला यायचा, कधी उजव्या, कधी उगाच मागे वळून बघायचा. धरमसिंग एकदा म्हणालाही, "असे काहून करून राह्यले तुमी? कोणी मागं हाये का?"

"नाही. चाला."

कोसभरावर नाला लागला. डोहात अजून पाणी होतं. धरमसिंग तोंड धुवायला खाली उतरला. रामी दरडीवर उभी होती. ती हेमसिंगकडे न बघता हलकेच म्हणाली, "काका, तुमी जरा तिकडं पाहा."

"काहून?"

"पाहा फकस्त. माह्याकडं नोका पाहू."

ती कुठं बघत होती हे हेमसिंगने पाहिलं. दरडीखाली डोह काळा दिसत होता. पलीकडे रान होतं, पळायला वाटही होती. तिला दोन्हींतलं कोणतं हवं होतं हे त्याला कळलं नाही, बहुतेक तिलाही कळलेलं नव्हतं.  मोटारीची वेळ होत आली होती, सासरा खाली चुळा भरत होता, नायकाचा शब्द होता. पोचवून देऊ, मग परत आल्यावर नायकाशी बोलू, असं त्याच्या मनात आलं, आणि ते मनात येताच तारेजवळ हाताने उगवून दाखवलेला सूर्य त्याला आठवला.

त्याने तिचा दंड सोडला आणि तिच्यासमोर खाली बसला, एखाद्या लेकराशी बोलायला बसावं तसा.

"तुले कुठी जायचं हाये, रामी?"

 हा प्रश्न तिला समजला नसावा असं वाटलं.

"सासरी जातं?"

तिने मान हलवली. नाही.

"मंग बापाच्या घरी?"

ती म्हणाली, "ते मले आणखी धाडतीन. मले तठीबी नाही जायचं. रिठदकडं मावशी हाये माही. ती एकटी हाये. तिनं ये म्हणलं होतं."

धरमसिंग तोंड पुसत वर आला. हेमसिंग उभा राहिला. "दाजी, पोरगी येत नाही. मी तिले वापस नेतो."

"कायले? नायकानं सांगलं ना."

"सांगलं. पण तिले कोणी इचारलं नाही. मी आता इचारलं."

धरमसिंगला राग आला, आणि त्याहून जास्त आश्चर्य वाटलं. "इचारायचं काय असते त्यात?"

 कैद्यांना विचारायला केवढा पसारा मांडला होता ते हेमसिंगला आठवलं. तंबू, मेजं, दुभाषे, नव्वद दिवसांची मुदत, पाच देशांचे साहेब. त्यातलं या नाल्याकाठी काय सांगणार? तो एवढंच म्हणाला, "तुमच्यावर हात उचलायची पाळी नोका आणू. चाल वं, रामी."

धरमसिंगही मागोमाग आला, आणि तांड्यात गहजब झाला. सोमलाने पोरीला घरात घ्यायला नकार दिला आणि हेमसिंगच्या अंगावर धावून गेला. हेमसिंगने एक थप्पड खाल्ली आणि उलट हात उचलला नाही. रामीला त्याने आपल्याच घरी नेलं. रुपाबाईने काही न विचारता तिला पाणी दिलं, चोळी वर करून पाठ पाहिली आणि हळद कालवायला घेतली. मग नवऱ्याला म्हणाली, "आता बसू नको. नायकाकडं जा."

हेमसिंग गेला आणि उभ्या उभ्याच बोलला. "पोरीले बोलवा. पण बापाले, सासऱ्याले, नवऱ्याले बाहेर बसवा. आत तुमी आन एखादी म्हातारी, बस. चार डोळे रोखून पाहत असले तं माणूस खरं नाही बोलत. मी तठी पाह्यलं." आणि मग, कोणी विचारलं नसताना, तारेजवळच्या त्या माणसाची गोष्ट त्याने पहिल्यांदा पुरी सांगितली. सांगताना तो सारखा या पायावरून त्या पायावर होत होता. फुलचंद तिथंच होता. तो हसला नाही.

गोविंदसिंगने चिलीम भरली. जुन्या वळणाचा माणूस. पण माणसाचं मन काढायला बाकीच्यांना बाहेर बसवायचं ही गोष्ट समुद्रापार चालते, म्हटल्यावर आपल्या तांड्याने का करू नये, असंही त्याला वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी त्याने रामीला आत बोलावलं. सोबत आपली म्हातारी आई धुरपताबाई. बाप आणि सासरा बाहेर लिंबाखाली बसले. आत काय झालं ते कोणाला कळलं नाही, पण धुरपताबाई बाहेर आली ती डोळे पुसतच. नायक म्हणाला, "पोरगी मावशीकडं राहीन. काडीमोडाचं पुढं पाहू."

हेमसिंगनेच तिला रिठदला पोचवलं. या खेपेला दंडाला धरावं लागलं नाही. ती पुढे चालत होती आणि हा मागे पडत होता. मावशीच्या दारात ती आत गेली आणि मागे वळून पाहिलं नाही. हेमसिंगला त्याचं वाईट वाटलं नाही. सोमला मात्र पुढची कितीतरी वर्षं त्याच्याशी बोलला नाही. रस्त्यात समोर आला की शेताच्या बांधाने निघून जायचा.

हेमसिंगची वणवण थांबली असं काही झालं नाही. हिवाळा आला की त्याचे पाय आपोआप घराबाहेर पडत. पण त्या उन्हाळ्यात एकदा, रुपाबाई तुरीच्या डाळीतले खडे निवडत होती तेव्हा तो अचानक म्हणाला, "लग्नाच्या वक्ताले तुले कोणी इचारलं असतं तं तू काय म्हणली असती?"

रुपाबाईने मान वर केली नाही. "आता इचारून काय करतं?"

"सांग तं खरं."

तिने सुपातली डाळ दोनदा पाखडली. "अठीच, याच घरी म्हणलं असतं," ती म्हणाली. "पण मले इचारायले तुले बारा वर्सं लागले."

 तिने सूप त्याच्याकडे सरकवलं आणि सांगितलं, डोळे चांगले आहेत तुझे, खडे तू काढ. तो खडे काढत बसला.