सुभाषरावांचं नुकसान

भाईंदर पूर्वेला सुभाषरावांचा स्टीलच्या चमच्यांचा गाळा होता. आयात खुली झाली, परदेशी चमचे निम्म्या भावात बाजारात आले आणि सुभाषरावांच्या चारांपैकी तीन मशिनी बंद पडल्या. चमचेवाल्यांच्या संघटनेनं सरकारदरबारी गाऱ्हाणं नेलं. सरकार म्हणालं, बाहेरच्या मालावर जादा कर लावू, पण आधी तुमचं नुकसान बघू. ते बघायला दिल्लीहून एक साहेब येणार होते, आणि त्यांना दाखवायला संघटनेनं एकमतानं सुभाषरावांचा गाळा निवडला. इतका व्यवस्थित बुडालेला दुसरा कोणी नव्हताच. सुभाषरावांना मात्र आयुष्यात पहिल्यांदा निवडून आल्याचा आनंद झाला. कर लागला नाही तर गाळ्याला कुलूप लागणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि एवढं ठाऊक असलेल्या माणसानं काय करावं? तर गाळ्याला रंग काढावा! लालबाग सोडून इकडे आल्यापासून ‘कसं चाललंय?’ या प्रश्नाला ‘एकदम मस्त’ यापलीकडे उत्तर त्यांनी बायकोलासुद्धा दिलं नव्हतं. त्यात आता दिल्लीचा पाहुणा यायचा.

“अरे सुभाषभाई, लॉस दाखवायचाय, लग्न नाय लावायचंय!” संघटनेचे अध्यक्ष जितेंद्रभाई कळवळून म्हणाले.

“म्हणून काय पाहुण्यापुढे रडत बसू?”

साहेब यायच्या दिवशी शेजारच्या गाळ्यातून उसने कारागीर आले. चारही मशिनींना हार घातले आणि त्या धडधडा सुरू केल्या. बायकोनं, नीलिमानं, साजूक तुपातला शिरा पाठवला. साहेब मूळचे साताऱ्याचे निघाले, माणूस मोकळा.

“मग, धंदा कसा चाललाय?” त्यांनी विचारलं.

आता फक्त खरं बोलायचं होतं. त्याचीच तर सगळे इतके दिवस वाट बघत होते.

“एकदम मस्त!” सुभाषराव म्हणाले.

जितेंद्रभाईंना ठसका लागला.

“परदेशी मालाचा काही त्रास?”

“छे! आपल्या चमच्याला वजन असतं, साहेब.”

साहेबांनी खूश होऊन शिरा पुन्हा मागून घेतला.

ते गाडीत बसले तेव्हा कुठे सुभाषरावांना कुलूप आठवलं. आपल्याइतका गाढव साऱ्या भाईंदरात सापडायचा नाही, असं स्वतःला बजावत ते धापा टाकत गाडीपाशी पोचले.

“साहेब, खोटं बोललो. तीन मशिनी आजच चालू केल्यात, माणसं उसनी आणलीत. बुडालोय मी.”

हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडत होतं. त्यांचे डोळे भरून आले आणि छाती एकदम हलकी झाली.

साहेबांनी काच खाली केली, त्यांचा हात मायेनं थोपटला.

“तुम्हालाही पढवलं ना या लोकांनी? सकाळपासून संघटनेच्या ऑफिसात सगळे हेच रडतायत. अहो, खरं बोलणारे तुम्ही एकटेच भेटलात.”