पाठमोरं पोर

वेंडेल डेमारेस्टनं सत्तावीस वर्षं एकाच कुटुंबाची व्यंगचित्रं काढली आणि त्या कुटुंबातल्या लहान पोराचं तोंड एकदाही काढलं नाही. ही गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती. चित्राखालची प्रत्येक ओळ जिनं सुचवली, त्या त्याच्या थोरल्या बहिणीच्या, आर्डिथच्याही नाही. आणि आर्डिथ काही डोळे मिटून वावरणारी बाई नव्हती. शेजारणीनं पडदे बदलले तर ते कितव्यांदा बदलले, हे ती सांगू शकायची.

कुटुंबाचा जन्म झाला तो एका बुधवारी. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये व्यंगचित्रकारांनी कच्ची चित्रं घेऊन साप्ताहिकांच्या कचेऱ्यांत जायचा वार बुधवार. एकेका बाकावर आठ-आठ जण, मांडीवर पाकिटं, आणि सगळ्यांचे चेहरे दंतवैद्याकडे आल्यासारखे. वेंडेल त्या दिवशीही सगळी चित्रं परत घेऊन नदी ओलांडून न्यूजर्सीला घरी आला. आर्डिथनं चित्रं चाळली आणि म्हणाली, "दुसऱ्यांच्या घरची काय काढतोस? आपलंच काढ की. आपल्याइतकं हसण्यासारखं कुणाचं घर आहे?"

ते खरंच होतं. खाली वडिलांचा मयताची तयारी करून द्यायचा धंदा, वर बिऱ्हाड. पाहुणा दारात आला की म्हातारे कॉर्नेलियस डेमारेस्ट हसून हात मिळवायचे, पण त्यांची नजर पाहुण्याच्या टाळूपासून बुटापर्यंत एकदा फिरून यायची. त्यात वाईट हेतू काही नव्हता, सवय होती. पुढच्या बुधवारी वेंडेलनं नेलेल्या चित्रात ब्रश विकायला आलेला एक गृहस्थ दारात उभा होता, आणि लांब कोटातला घरमालक हातात टेप घेऊन त्याला म्हणत होता, "या, या, आत या. तुमच्याच मापाची एक पेटी पडून आहे."

संपादक हसला. तो हसला म्हणजे चित्र घेतलंच. मग वर्षभरात चित्रातल्या त्या घरमालकाला बायको आली, ती वाळलेल्या पुष्पचक्रांना रोज पाणी घालायची. मग आजी आली, तिला फक्त डॉक्टरांची पत्रं आवडायची, नवं गिऱ्हाइक कळायचं म्हणून. चौथ्या वर्षी खिडकीशी एक लहान पोर उभं राहिलं, हात मागे बांधून, पाठ आपल्याकडे करून. "चला, एक तोंड काढायचं वाचलं," असं त्या दिवशी आर्डिथ हसत म्हणाली होती.

चौसष्टच्या वसंतात कॅलिफोर्नियाहून स्पिव्हाक नावाच्या माणसाचा फोन आला. त्याला हे कुटुंब टीव्हीवर हलत्या चित्रांत आणायचं होतं, शिवाय बाहुल्या काढायच्या होत्या. करार झाला, आणि मग त्यानं मागितला नमुन्याचा कागद. प्रत्येक माणूस समोरून, बाजूनं आणि मागून, उंचीसकट. शंभर हातांनी काढलं तरी तोंड तेच राहिलं पाहिजे, म्हणून तो कागद. वेंडेलनं बाप, आई, आजी दोन दिवसांत उरकली. पोराची पाठ दहा मिनिटांत झाली. मग तो चार दिवस नुसता बसून राहिला.

पाचव्या दिवशी आर्डिथ कॉफी घेऊन त्याच्या खोलीत गेली. "स्पिव्हाकचा तिसरा फोन. विचारतोय, पोराला तोंड आहे की नाही?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, आहे. पण काढणाऱ्यावर गेलंय, म्हणून लाजतोय दाखवायला."

वेंडेल हसला नाही. कागदावरची नजर न काढता म्हणाला, "आर्डी, तो रॉस्को आहे गं."

आर्डिथनं कप टेबलावर ठेवला. हे नाव त्या घरात अठ्ठेचाळीस वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं.

सोळा सालच्या उन्हाळ्यात पोलिओची साथ आली तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ रॉस्को चार वर्षांचा होता, वेंडेल आठचा, आर्डिथ अकराची. गावागावांनी परक्या मुलांना रस्ते बंद करायच्या आत वेंडेलला पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात मावशीकडे धाडलं. मावशीनं एकालाच ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं. रॉस्को रुसला. वेंडेलनं गाडीतून हाका मारल्या, पण तो वरच्या खिडकीत पाठ करून उभा राहिला तो उभाच. ऑगस्टमध्ये पाच दिवसांत पोर गेलं. आरोग्य खात्याच्या माणसांनी त्याचे कपडे, खेळणी, गादी अंगणात जाळली. आईनं त्याचे फोटोही स्वतःच्या हातानं त्यात टाकले. त्या उन्हाळ्यात भीतीपुढे कुणाला काही सुचत नव्हतं, लोक पत्रंसुद्धा चिमट्यानं उचलायचे. वेंडेल परत आला तेव्हा खोलीला नवा चुना लावलेला होता. खालच्या मजल्यावरचं जेवणाच्या टेबलावर बोलायचं नाही, हा वडिलांचा नियम होताच. तोच त्यांनी स्वतःच्या पोरालाही लावला.

"मला त्याची पाठ आठवते," वेंडेल म्हणाला. "चड्डीचे गॅलिस आठवतात, एक बटण तुटलेलं. पण तोंड काही केल्या येत नाही. एका पलंगावर झोपायचो आम्ही, आर्डी! आणि मला तोंड येत नाही. म्हणून इतकी वर्षं त्याला खिडकीत उभा केला, वाटायचं कधीतरी वळेल. तू शेवटपर्यंत होतीस ना. तू सांग, मी काढतो."

आर्डिथला आठवत होतं, आणि तेच दुखणं होतं. त्या दिवशी वडिलांनी मदतनिसांना घरी पाठवलं आणि पोराची तयारी एकट्यानं केली. अकरा वर्षांची आर्डिथ दाराच्या फटीला डोळा लावून उभी होती. एका बाजूला ओढलं गेलेलं तोंड, पुरती न मिटलेली पापणी, निळे ओठ, आणि ते ओठ मेण लावून सरळ करू पाहणारी वडिलांची बोटं. आठ-पंधरा दिवसांनी एकदा तरी ते तोंड तिच्या मिटल्या डोळ्यांपुढे यायचं. त्याच्या आधीचं, हसतं, खेळतं तोंड त्या एका तोंडानं कधीच गिळून टाकलं होतं. आता हे भावाला कसं सांगायचं? ते काय बाहुलीवर रंगवायचं?

वेंडेल पेन्सिल धरून बसला होता, शाळेतल्या मुलासारखा. आर्डिथला त्याची एवढी दया आली की तिनं समोर जे दिसलं तेच उसनं घेतलं.

"गाल गोल होते," ती म्हणाली. "कान जरा बाहेर आलेले. पुढच्या दोन दातांत फट. आणि डावी भुवई उजवीपेक्षा वर, सारखं कशाचं तरी नवल वाटत असल्यासारखी."

"भुवई!" वेंडेल ओरडला. "हो, हो, भुवई!" त्याचा हात झरझर चालू लागला. कागदावर एक खट्याळ पोर उमटलं आणि वेंडेल छप्पन्नाव्या वर्षी हमसून हमसून रडला. "हाच. आता आठवला बघ. हाच तो."

आर्डिथ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची, तिनं मनाशी म्हटलं. आणि खरं सांगायचं तर तिचंही भलंच झालं. त्या रात्रीपासून फटीतलं तोंड यायचं थांबलं. त्याच्या जागी हे नवं यायला लागलं, फटीच्या दातांचं, हसरं. तिनं त्याला हाकललं नाही. इतक्या वर्षांनी शांत झोप लागत होती, ती कुणाला नको असते?

सप्टेंबरात कुटुंब टीव्हीवर आलं. नोव्हेंबरात एका सकाळी टपालानं बाहुल्यांचा खोका आला, आणि वेंडेलनं तो स्वयंपाकघरात वडिलांसमोर उघडला. कॉर्नेलियस आता शहाऐंशीचे होते. सकाळची लापशी खाल्ली की नाही, हे त्यांना दुपारी सांगता यायचं नाही. पण धंद्याची नजर शाबूत होती. त्यांनी बाहुल्या एकेक करून हातात घेतल्या, बापाची बाहुली बघून नाक मुरडलं आणि पोरापाशी थांबले.

"अरे, हा तर वेंडेल!"

"पपा, वेंडेल मी."

"तू नाही रे बाबा. आमचा वेंडेल, लहान असतानाचा. ही भुवई बघ, हे कान बघ." म्हातारा चिडला. "चाळीस वर्षं मेलेल्यांची तोंडं नीट केली मी. स्वतःच्या पोराचं ओळखायचा नाही?"

वेंडेलनं बाहुली घेतली. तिच्याकडे बघत दुसऱ्या हातानं आपली डावी भुवई चाचपली. मग त्यानं बहिणीकडे पाहिलं. आर्डिथ ओट्याशी उभी होती, तिला मान वर करवेना.

"मग रॉस्को कसा होता, पपा?" वेंडेलनं अगदी हळू विचारलं.

म्हाताऱ्यानं गिऱ्हाइकाशी बोलावं तसं अदबीनं विचारलं, "कोण रॉस्को? आपल्याकडे आला होता का? उंची किती असेल?"

मग वेंडेल उठला. खोक्याचं एक झाकण फाडून त्यानं ते टेबलावर उलटं ठेवलं आणि खिशातली पेन्सिल काढली.

"आर्डी, मी रागावलो नाहीये. माझं मन राखायला केलंस, कळतंय मला. पण आता खरा सांग. आजारातला असू दे, मेलेला असू दे. कसाही चालेल. मला तोच पाहिजे. आता तूच एकटी उरलीस जिला तो माहीत आहे."

आर्डिथनं डोळे मिटले. खालच्या मजल्याचं दार आलं, फट आली. औषधांचा वास आला, दिवा आला, वाकलेली वडिलांची पाठ आली, पांढरी चादर आली. सगळं जिथल्या तिथे होतं. ती इतकी वर्षं ज्याला भ्यायची, त्याला शोधत ती त्या चादरीपाशी गेली. चादरीत गोल गाल होते. पुढच्या दातांत फट होती. डावी भुवई वर होती.

तिनं डोळे उघडले, पुन्हा मिटले. पुन्हा तेच.

"सांग ना," वेंडेल म्हणाला.

"नाही येत रे, वेंड," आर्डिथ म्हणाली. "होता माझ्याकडे. आता नाहीये. मीच घालवला त्याला."